हद्दीचा दगड

"ऑर्डर वाचून दाखवली न्हवं? मग आता कसली बैठक?" सौम्यानं निकालाचा कागद बिरदेवाच्या देवळाच्या कट्ट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांपुढं फडकावला. बांध तिच्या आईचा, राजाबाईचा. चुलता मष्णूआप्पानं हद्दीचा दगड उपटून फेकलेला, तो त्यानंच परत रोवायचा, असं निपाणीच्या कोर्टानं काल साफ सांगितलं होतं. वकील झाल्यावर सौम्यानं जिंकलेला हा पहिलाच दावा. पोरीचे पाय जमिनीवर नव्हते.

"कोर्टाचं कोर्टापाशी," म्हातारे आण्णाप्पा शांतपणे म्हणाले. "गावाला भंडारा उचलून दावा. बिरदेवाफुडं कोण खोटं बोलतंय?"

सौम्याचं डोकंच फिरलं. आईनं नऊ वर्षं तारखांना हेलपाटे घातले ते काय मूठभर हळदीसाठी? "आई, ऊठ. उद्या पोलीसच घेऊन येते."

"पोलीस दगड लावून जातील गं. राखत बसतील व्हय?" राजाबाईनं पदर खोचला, ताटातला भंडारा मुठीत घेतला, देवापुढं धरला. "बांध माझा." मग कपाळाला हळद लावून ती वळली. "आता तुमी, भावजी."

मष्णूआप्पा हसतच उठला. उठणारच! कोर्टात 'देवाशपथ खरं सांगतो' म्हणत हा माणूस धडधडीत खोटं बोलला होता आणि वर बाहेर येऊन मिसळ चापली होती. सौम्यानं डोळ्यांनी बघितलेलं.

"आप्पा, उचला की!" त्याचा लेक आदर्श बुलेटवरूनच ओरडला. "हळदच हाय ती. मला ड्युटीला जायचंय."

मष्णूआप्पाचा हात ताटापर्यंत गेला आणि तिथंच अडला. त्यानं एकदा देवाकडं बघितलं. कपाळावर घाम आला, तो पुसायचंही त्याला सुचेना.

"कोर्टात बरं खोटं बोलता आलं की," राजाबाई म्हणाली.

"त्यो कोर्टातला देव, वैनी. तिथं सगळीच बोलत्यात." त्यानं हात मागं घेतला. मान खाली घालून म्हणाला, "पहार आणा रं कुणीतरी."

म्हातारी मंडळी समाधानानं तंबाखू मळू लागली. आदर्शनं रागानं बुलेटला किक मारली. "आप्पा खुळं झालंय!"

सौम्याला हसूही आलं आणि रडूही. जिंकली होती खरी, पण जिंकलं कुणी? तिनं ऑर्डर चुरगाळून पिशवीत कोंबली. "मग ह्या कागदाचं काय लोणचं घालू?"

राजाबाईनं पिशवीत हात घालून कागद बाहेर काढला, कट्ट्यावर टेकून मांडीवर ठेवला आणि हळदीच्या हातानं एकेक सुरकुती सरळ केली.

"जपून ठेव," धूळ उडवत गेलेल्या बुलेटकडं बघत ती म्हणाली. "ह्यो देवाला भितोय. त्यो न्हाय."