चार क्रेडिट आणि नळाचं पाणी

"सर, सांगितलं तर खोटं वाटेल," आबांनी खुर्ची पुढे ओढली. "पण हिचा प्रोग्रॅम पाण्याचा वास घेतो! नळाला पाणी कधी येणार, मिनिटावर सांगतो!"

अकरावीतल्या नातीला तिच्या प्रोग्रॅमबद्दल इंजिनिअरिंग कॉलेजचे चार क्रेडिट, म्हणजे पुढच्या पदवीत धरले जाणारे आगाऊ गुण, आजच मिळवून द्यायचे, असा आबांनी चंगच बांधला होता. कॉलेजकडून तपासायला आलेल्या सरांनी लॅपटॉपवर प्रोग्रॅम वरखाली पाहिला. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"अंदाज बांधणारी ओळ यात कुठेच नाही. हा तूच लिहिलास ना गं?"

आबा चपापले. "तो... आतल्या आत बांधतो, सर."

"मीच लिहिलाय!" नात उसळली. "व्हॉल्व्ह उघडून पाणी सोडणारे काका मला फोनवर वेळ सांगतात, प्रोग्रॅम ती गल्लीभर कळवतो. वासबिस सगळी आबांची थाप!"