ढोलीची राखण

पिल्लाला हात लावायचा नाही, असं पक्षी वाचवणाऱ्या संस्थेतल्या विनिताने तीनतीनदा बजावलं होतं. पण दुकानदाराने ते बकुळाच्या ओंजळीत ठेवलंच.

"घ्या मावशी, एकदम ओरिजनल पहाडी पोपट. सहा महिन्यांत राम राम बोलणार, गॅरंटी!"

पिल्लाच्या अंगावर धड पिसंही नव्हती, नुसते हिरवे कोंब फुटले होते. चोच वासून ते तिचा अंगठा चाचपत होतं. खोक्यात आणखी तीन. पिल्लू एका तळव्यावर घेऊन बकुळाने दुसरा हात पदराआडच्या मोबाइलवर ठेवला. एक मिस्ड कॉल द्यायचा, की गल्लीच्या तोंडाशी विनितासोबत थांबलेली वनखात्याची माणसं आत येणार. एवढंच तिचं काम. बाहेर शहरातला कॅम्प दोनचा बाजार गजबजला होता आणि इथे, माशांच्या टाक्यांमागच्या या खोलीत, पंपांची घरघर तेवढी ऐकू येत होती.

गेली आठ वर्षं ती या पाखरांपायी जीव टाकत होती. बदलापुरात, कुळगावच्या पलीकडे, डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्याला पोपटांच्या ढोल्यांची सात जुनी झाडं उरली होती. बाकीची इमारतींनी खाल्ली. तेव्हा बकुळाला सुचलं ते तिने केलं. ज्या झाडावर घरटं, त्याच्या बुंध्याला शेंदूर. शेंदराच्या झाडाला कुऱ्हाड लावायला कोणी धजत नाही. रोज पहाटे अंघोळ, साती झाडांना फेरी, बोटभर शेंदूर, मगच चहा. पिल्लं उडेपर्यंत भात वर्ज्य. गावाने तिचं नाव पोपटवाली ठेवलं. ती हसून सोडून द्यायची.

झाडं वाचली. ढोल्या मात्र तीन वर्षांपासून एकेक करून मुक्या होत चालल्या होत्या. आधी तिला घोरपडीचा संशय आला, मग सापाचा. शेवटी वाटलं, आपल्याच व्रतात काही उणं राहिलं. तिने मंगळवारचा उपास वाढवला. शेंदराचा थर जाड केला.

"आणता कुठून रे, बाबा?" तिने विचारलं. हे विचारून घ्या, असं विनितानेच सांगितलं होतं.

"बदलापूर साइड."

"एवढ्या रानात घरटं सापडतं तरी कसं?"

दुकानदार खुशीत हसला. "शोधतंय कोण, मावशी? तिकडे कोणी भगत आहे. घरटं असलं की झाडाला शेंदूर फासतो. आमची माणसं गाडीवरून जाता जाता बघतात आणि सरळ चढतात. हल्ली तर लांबूनच दिसतो."

मिस्ड कॉल कधी गेला ते बकुळाला कळलंच नाही. आरडाओरडा झाला, शटर खडखडलं, कोणीतरी तिच्या तळव्यावरून पिल्लू अलगद उचललं. विनिताने तिला मिठीच मारली.

"चारही जिवंत आहेत, मावशी! तुमच्यामुळे!"

"हो," बकुळा म्हणाली. "माझ्यामुळेच."

दुकानदार सापडला होता. चढणारे अजून मोकळे होते. आणि तिच्या साती झाडांपैकी रस्त्याकडेच्या बेहड्याच्या ढोलीत अजून दोन पिल्लं होती. तिने रिक्षावाल्याला दोनदा घाई केली. झाडाशी पोहोचली तेव्हा वरून चिरका आवाज आला आणि तिच्या जिवात जीव आला. पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढून तिने फडकं भिजवलं. पहिला हात फिरवताना तिने डोळे मिटून घेतले. आठ वर्षांचा थर होता. तो लगद्यासारखा सुटून मनगटापर्यंत ओघळला.

धाकटा दीर अनंता मोटारसायकलवरून चालला होता. त्याने कचकन ब्रेक मारला.

"वयनी, डोका फिरला काय गो तुजा? देव पुसतेस?"

ती पुसत राहिली.

"अगो, सोमवारी रस्त्याचं काम इथवर येतंय. शेंदूर बघून थांबत होते ते. आता हा बेहडा आडवाच करतील." त्याचा आवाज खाली आला. "मग याला राखील कोण?"

बकुळाने शेवटची रेघ पुसली. बुंधा आता इतर झाडांसारखाच करडा, उघडा दिसत होता. तिने तिथे हात जोडले, फडकं पिशवीत टाकलं, पायातल्या चपला काढल्या आणि झाडाला पाठ टेकून खाली बसली.

"इतकी वर्षं देवालाच बसवलं होतं रे," ती म्हणाली. "आता मी बसते."