पेडण्याचं मत

भाग्यलक्ष्मीचं लग्न पंचाहत्तर सालच्या वैशाखात झालं. त्याच्या पंधरा दिवस आधी तिचे वडील गोकुळदास मास्तर पत्रिका घेऊन पेडण्याला शिवदास मास्तरांकडे गेले.

दोघेही शाळेत खेळ शिकवायचे. गोकुळदास साखळीला, शिवदास पेडण्याला. शिवदास सोप्यावर बसले होते. घसरून मोडलेला पाय प्लास्टरमध्ये, समोरच्या बाकावर लांब केलेला. त्यांनी पत्रिका कपाळाला लावली.

"लग्नाक येतलंय. कुबड्यो घेवन येतलंय," ते म्हणाले. "पण आधी सांग, सभेत काय झाला?"

गोकुळदास तेच सांगायला आले होते. बसमध्ये त्यांनी वाक्य जुळवून ठेवलं होतं.

"गट फुटलो," ते म्हणाले.

"तां माका पत्रान कळला. कसो फुटलो?"

मुलींच्या खो-खोचा चार शाळांचा गट होता. साखळी, डिचोली, नार्वे आणि पेडणे. सामने दर वर्षी एका गावात. पाहुण्या मुली त्याच गावात दोन दिवस राहायच्या, सात नंबरची मुलगी सात नंबरच्या घरी. घर माहितीचं, माणसं माहितीची, त्यामुळे कुणाचा बाप नाही म्हणायचा नाही. आता क्रीडा मंडळाने पेडण्याला किनाऱ्याच्या गटात वास्कोबरोबर टाकलं होतं. बाकीच्या तिन्ही शाळा डोंगराच्या गटात गेल्या. त्या गटाला खाणवाले गणवेश देणार होते, आणि जायला-यायला गाडी.

मंडळाने चारही शाळांचं मत घेतलं होतं. दोघांचा विरोध असेल तर गट आहे तसाच राहील, हे मंडळाने सभेतच सांगितलं होतं. पाय मोडल्यामुळे शिवदास सभेला गेले नाहीत. त्यांनी विरोधाची चिठ्ठी लिहून आपलं मत गोकुळदासांच्या हाती दिलं होतं.

सभेत नव्या गटांच्या बाजूने हात मागितले, तेव्हा गोकुळदासांनी दोन्ही हात वर केले. एक साखळीचा, एक पेडण्याचा.

"मास्तर, शरण इलात की काय?" कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. डिचोलीचा हातही वर होता. नार्व्याच्या बाबुराव मास्तरांनी तेवढा हात वर केला नाही. ते गोकुळदासांकडे बघत राहिले.

"आमचा मत विरोधात घातलंस मां?" शिवदासांनी विचारलं.

"घातलंय."

"आणि तुझा?"

"माझाय."

"मगे?"

"बरोबरी जाली. अध्यक्षांनी ठरवल्यानी."

शिवदासांनी बोटं दुमडून मोजलं. "म्हणजे एक हात डिचोलीचो. दुसरो बाबुरावाचो."

गोकुळदासांनी मांडीवरची पिशवी सारखी केली.

"माका वाटलाच. गेल्या साली बक्षिसांच्या वक्ताक काय म्हणालो तो? पेडण्याक येवक दोन बसगाड्यो आणि एक नवस लागता. सगळे हसले. मीय हसलंय."

शेजारची पार्वती पायरीशी येऊन उभी राहिली. ती पेडण्याच्या संघाची कप्तान. साखळीला आली की गोकुळदासांच्या धाकट्या सुमनबरोबर एकाच चादरीत निजायची.

"मास्तरांनु, सुमनेक सांगा, औंदा आमी येवचे नाय."

"वास्कोक जातल्यात मां?" गोकुळदासांनी विचारलं.

"बाबा धाडीत नाय. थंय शाळेच्या हॉलात निजूचा लागता म्हणतत."

"दुसऱ्यो?"

"नऊ जणींतल्या सात जणींचो बापूस नाय म्हणता. दोघी तयार आसत." पार्वती थोडी हसली. "पण दोघींनी खो कोणाक देवचो?"

ती गेली. शिवदासांची बायको देवकी चहा ठेवून गेली होती, त्यावर साय धरली होती. आता सांगायचं, असं गोकुळदासांनी ठरवलं. त्यांनी कप उचलला, परत ठेवला.

"शिवदास," ते म्हणाले.

"बोल."

"बाबुराव तसो माणूस नाय."

"तू भलो माणूस, म्हणान तुका तसा दिसता." शिवदासांनी पाय हातांनी उचलून बाकावर नीट ठेवला. "सोळा वर्सां संघ उभो केलंय. आता पोरी कॅरम खेळतली. त्या बाबुरावाक आमंत्रण दिलंस?"

"अजून नाय."

"देवचा असात तर दी. तुझ्या घरचा कार्य, मी नको म्हणूचंय नाय. पण मगे मी येवचंय नाय. त्येच्या पंगतीक माझ्यान बसवचा नाय."

बाबुरावांची पत्रिका पिशवीतच होती. हळदकुंकू लावलेलं, नाव घातलेलं. गोकुळदासांनी पिशवीचं तोंड मुठीत धरलं.

"तू ये," ते म्हणाले.

देवकीने दुसरा चहा आणला. तो त्यांनी गरम गरम पिऊन टाकला आणि बस चुकेल म्हणून उठले.

लग्नाला शिवदास मास्तर कुबड्या टेकत आले आणि पहिल्या पंगतीला बसले. सकाळीच नार्व्याहून एक गडी केळ्यांचे दोन घड ठेवून गेला होता. बाबुराव मास्तरांनी पाठवलेत, एवढंच म्हणाला. ती केळी पंगतीत वाढली. शिवदासांनी दोन खाल्ली आणि गोड आहेत म्हणाले. गोकुळदास वाढपी होते. ते पुढच्या पानाकडे सरकले.

पेडण्याच्या शाळेने त्या वर्षी संघ उतरवला नाही, पुढच्या वर्षीही नाही.

नार्व्याचे बाबुराव मास्तर शहात्तर सालच्या श्रावणात वारले. पेडण्याहून कोणी गेलं नाही.