गुरुनाथची परवानगी

“एका सहीसाठी! पासपोर्ट काढायला बाईला नवऱ्याची सही लागते, मंडळी!” गुरुनाथने टेबलावर मूठ आपटली.

न्यूझीलंडमधल्या, वेलिंग्टनजवळच्या लोअर हटच्या मराठी मंडळाचा इराणी सिनेमाचा रविवार होता. सिनेमातल्या शिक्षिकेला शिकायला परदेशी जायचं होतं आणि नवरा सही देत नव्हता. सिनेमानंतरचं भाषण नेहमीप्रमाणे गुरुनाथकडे. इराणी बायकांचं दुःख आपल्याइतकं अख्ख्या वेलिंग्टनात कुणाला कळत नाही, असं त्याचं आपलं नम्र मत होतं.

“आणि तो नवरा दुष्ट नाही बरं का! मारत नाही, ओरडत नाही. नुसता म्हणतो, विचार करून सांगतो.”

इथे मात्र त्याची जीभ अडखळली.

तीन आठवड्यांपूर्वी त्याची बायको सुमेधा भाजी चिरताना म्हणाली होती, “डनेडिनच्या हॉस्पिटलात वर्षभरासाठी सीनियर फार्मासिस्टची जागा मिळाली मला. तुझं काय ते सांग.” गुरुनाथ हनुवटी खाजवत म्हणाला होता, “विचार करून सांगतो.” तेव्हापासून साहेबांचा विचार चालूच होता. डनेडिन पडलं पार दुसऱ्या बेटावर; मग जेवणाचं काय? दिवसभर घरूनच ऑफिसचं काम करत लॅपटॉपपुढे बसल्यावर संध्याकाळी बोलायचं कुणाशी? खरं तर एकटं राहायची त्याला भीती वाटत होती. पण तसं म्हणण्यापेक्षा विचार करणं बरं दिसत होतं.

तिसऱ्या रांगेतली सुमेधा आपल्याकडेच बघतेय, असं त्याला वाटलं. भाषण त्याने कसंबसं आवरलं. टाळ्या पडल्या. “काय बोललास रे!” म्हणत मंडळातल्या विश्वनाथने चहाचा कप हातात दिला. एरवी या वाक्यावर गुरुनाथ आठवडाभर खूश असायचा. आज मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर त्याने ती सुरूच केली नाही. इराण स्वतःच्या हाताने स्वतंत्र करायला निघाल्यासारखा तो तिच्याकडे वळला.

“सुमेधा, चुकलं माझं. तुला तीन आठवडे ताटकळत ठेवलं. आता ठरलं. तू डनेडिनला जा. माझी पूर्ण परवानगी आहे.”

आता ही रडणार, निदान हात तरी हातात घेणार, म्हणून तो थांबला. सुमेधाने सीटबेल्ट लावला.

“अरे, गुरुवारी फ्लाइट आहे माझी. होकार तर मी त्यांना जागा मिळाली त्याच दिवशी कळवला.”

“माझ्या उत्तराआधीच?”

“जाऊ का, असं मी विचारलं कुठे होतं?”

गुरुनाथने गाडीची किल्ली खाली ठेवली. “मग मी तीन आठवडे कसला विचार करतोय, असं वाटलं तुला?”

सुमेधाने खिडकीकडे मान वळवली.

“मला वाटलं, माझ्याबरोबर येतोस का, याचा.”