चिकाची किटली

पारनेरची एष्टी डोळ्यांदेखत निघून गेली आणि मनकर्णाबाई चडफडत लिंबाखाली बसली. तिथंच खांद्यापर्यंत केस वाढवलेल्या एका गोऱ्या साहेबाची जुनाट मोटार उभी होती. आत बिछाना, चूल आणि एक गारेगार कपाटसुद्धा!

"ह्ये कपाट गार कशानं ऱ्हातं, गुरुजी?" साहेबाशी इंग्रजी झाडणाऱ्या शामकांत गुरुजींना तिनं विचारलं.

"वीज जोडली तर विजेवर, नाहीतर गॅसवर, आणि मोटार पळत असली की तिच्या बॅटरीवर. पण साहेबाचा गॅस संपलाय."

"आन् वीज तर आपल्या वस्तीवर आलीच न्हाई," मनकर्णाबाई म्हणाली. जरा विचार करून तिनं पदराखालची किटली पुढं केली. "साहेबाला सांगा, ह्यात चीक हाय. पारनेरला माझ्या लेकीला खरवसाचे डोहाळे लागल्यात. ह्या उन्हात वाटंतच नासंल हो!"

गुरुजींनी सांगितलं तसा साहेब कळवळला. किटली कपाटात गेली, मनकर्णाबाई गादीवर बसली आणि कपाट गार राहावं म्हणून मोटार पारनेरकडे सुटली. चीक सांडू नये म्हणून साहेब बिचारा एकेक खड्डा चुकवत होता.

लेकीनं दारातच किटलीचं झाकण काढलं. "अगं आई, ह्यात तर नुसतं पानी हाय!"

"मंग? गाय व्यायला अजून म्हैना हाय," निघालेल्या साहेबाला हात हलवत मनकर्णाबाई म्हणाली. "पी, मस्त गार झालंय."