सूनबाई चालवत होती

दारू पिऊन गाडी विजेच्या खांबावर घातली म्हणून तिच्या नवऱ्याला अटक झाली, आणि जामिनावर सुटून तो घरी आला तशी पुढे काय करायचं यावर बैठकीच्या खोलीत सल्ल्यांची झुंबड उडाली. शेजारच्या सीटवर ती होती. तिच्या कपाळाला टाके पडले होते, पण त्याबद्दल विचारायला कुणाला सवड नव्हती. तिला चहा टाकायला सांगितलं होतं.

"पोलीस आले तेव्हा दोघंही गाडीबाहेर उभे होते ना?" सासूबाईंचे वकील भाऊ म्हणाले. "मग झालं तर. सूनबाई चालवत होती, असं सांगायचं. ती कुठे प्यायली होती?"

सासूबाईंच्या जिवात जीव आला. "घरासाठी एवढं करेलच की ती." सासऱ्यांनी मान डोलावली. आल्यापासून तोंड लपवून बसलेल्या नवऱ्यानंही वर पाहिलं. "पहिलीच वेळ आहे गं. घे ना सांभाळून."

तिच्या अंगाचा तिळपापड होत होता. तरी तिनं एकेकाच्या हातात कप दिला.

वकील मामांनी कप खाली ठेवून हात पुढे केला. "आण बघू तुझं लायसन्स."

 

"कसलं लायसन्स, मामा? लग्न झाल्यापासून मी गाडी शिकते म्हणतेय, आणि 'बाईच्या हाती गाडी दिली तर ती सरळ खांबावर नेईल' म्हणून तुम्ही सगळे याच सोफ्यावर बसून पोट धरधरून हसताय."