उष्टी हळद

लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत मी ती कादंबरी वाचत होते. एक मुलगी, तिच्यावर जीव लावणारे दोघे, आणि त्यांतला एक मेलेला. दौंडच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी मेलेल्याची पानं मी दोनदा वाचत होते.

"ताई, खरं सांग, तू कुणाच्या बाजूनं?" धाकट्या मोनालीनं विचारलं.

"जिवंताच्या."

"मी मेलेल्याच्या. ना सासू, ना सकाळच्या डब्याचा ताप!"

मी हसले. मग सत्यजीतचा, माझ्या होणाऱ्या नवऱ्याचा, चेहरा आठवून पाहिला. माणूस चांगला होता, पण चेहरा नीट आठवेना.

आमच्याकडे नवऱ्या मुलाला लावून उरलेली हळद नवरीला लावतात. दुपारी ओट्यावर हळदीची वाटी दिसली. "नवऱ्याकडची, खुटबावची माणसं ठिवून जेवाय गेली वाटतं," सोजराआत्या म्हणाली, आणि बायकांनी गाणी म्हणत मला हळद लावली. भर उन्हात ठेवलेली असूनही ती गार होती.

तेवढ्यात दारात जीप थांबली. सत्यजीतची बहीण हळदीचं ताट घेऊन उतरली. "उशीर झाला, आत्याबाई. आत्ता कुठं दादाला हळद लागली."

गाणं थांबलं. आत्यानं माझ्या गालाकडं पाहिलं. "मंग ही कुणाची?"

मोनाली ओला पंचा घेऊन धावत आली. "पूस, ताई. लवकर पूस."

मी पंचा हातात घेतला. हळद अजून गारच होती, आणि मला ती पुसावीशी वाटत नव्हती.